पांडाजमधून निघणारं टेबल आपल्या पानावर नीट कसं बसवायचं? (कळमन्याचे संत्र्याचे भाव)

काटोलची_नोंदवही

नमस्कार मंडळी. काटोलकडच्या एका शेतकरी गटासाठी मी रोज संध्याकाळी नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्याचे भाव एका छोट्या वेबपानावर टाकते. एक्सेल फाईल येते, ती पायथनमध्ये पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीनं उघडते, गावांची नावं वगैरे सारखी करून घेते, आणि शेवटी टू_एचटीएमएल (तक्त्याचं वेबपानाचं टेबल करून देणारी पांडाजची आज्ञा) चालवून जे मिळतं ते पानात टाकते. गटातले लोक व्हॉट्सॲपवर आलेली लिंक उघडून मोबाईलवरच पाहतात. आंबिया बहाराचा माल सुरू झाला की रोज पाहणारे खूप वाढतात, म्हणून त्याआधी हे नीट करून घ्यायचं आहे.

रकाने असे आहेत: गाव, प्रत, आवक (क्विंटल), किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर, उलाढाल, शेरा.

अडचणी सांगते. नोटबुकमध्ये टेबल छान दिसतं, पण तेच पानावर गेलं की जाड दुहेरी रेघा येतात, शीर्षकं उजवीकडे आणि आकडे डावीकडे. डाव्या कडेला ०, १, २, ३ असे आकडे दिसतात, त्यांचा कुणाला उपयोग नाही. ज्या प्रतीची आवक नाही तिथे 'नॅन' (रिकाम्या जागेची पांडाजची खूण) येतं, आणि लोक फोन करून विचारतात, "ताई, हे नॅन कोणतं गाव आहे?" उलाढाल साडेबारा लाख असली की १,२५०,००० असं छापलं जातं. ते आमच्याकडे कोणी वाचत नाही, लोकांना १२,५०,००० पाहिजे. शेऱ्यातलं लांब वाक्य मध्येच तुटतं आणि पुढे तीन टिंबं येतात.

रंगासाठी पांडाजमधलाच स्टायलर (टेबल सजवायचं साधन) वापरून पाहिला. भाव वाढला तर हिरवा, उतरला तर लाल. चांगलं झालं. मग पानाचा सोर्स उघडून टेबलचा आयडी पाहिला आणि त्यावर सीएसएस (पानाची सजावट ठरवणारे नियम) लिहिलं. दुसऱ्या दिवशी फाईल परत चालवली तर आयडी वेगळाच, सगळी सजावट गेली.

आणि मोबाईलवर उजवीकडचे रकाने स्क्रीनच्या बाहेर जातात. त्यातच सर्वसाधारण दर आहे, ज्यासाठी लोक पान उघडतात.

पांडाजच्या आत काही बदल न करता हे सगळं रीतसर करता येतं का? मी सीएसएस कामापुरतं लिहू शकते.

---

मिहान_रात्रपाळी

ताई, मी ऑफिसच्या रिपोर्टसाठी सोपं करतो. टू_एचटीएमएल जे देतं ती शेवटी एक स्ट्रिंगच असते. त्यात रिप्लेस मारायचा. 'नॅन' काढून डॅश टाका, बॉर्डर असलेला भाग काढून आपला क्लास टाका. चार ओळींचं काम आहे. दिसायला चांगलं पाहिजे तर बूटस्ट्रॅप (तयार सीएसएसचा संच) जोडा आणि क्लासेसमध्ये टेबल, टेबल-स्ट्राइप्ड द्या. बाकी काही करायची गरज नाही.

---

प्रतापनगर_पायथन

ताई, रिप्लेसच्या मागे लागू नका. उद्या शेऱ्यात कोणी खरंच तो शब्द लिहिला, किंवा पांडाजच्या पुढच्या आवृत्तीत टॅगमधला एखादा स्पेस बदलला, तर रिप्लेस गपचूप चालणं बंद होतं आणि एरर येत नाही. भाव पाहायला शेतकरी बसलेला असताना असं होऊ नये. तुमच्या जवळजवळ प्रत्येक अडचणीसाठी पांडाजनंच एक एक दार ठेवलेलं आहे, ती वापरा.

आधी हे कळून घ्या की टू_एचटीएमएल नेमकं काय देतं. बाहेर येणाऱ्या टेबल टॅगवर बॉर्डर एक असतो आणि डेटाफ्रेम नावाचा एक क्लास. बस. पेशींवर, म्हणजे टेबलच्या चौकोनांवर, काहीच नसतं. तुमच्या दुहेरी रेघा त्या बॉर्डरमुळे आहेत: ब्राउझर प्रत्येक पेशीला वेगळी चौकट काढतो आणि दोन चौकटींत फट ठेवतो. नोटबुकमध्ये ते दिसत नाही, कारण नोटबुक स्वतःचं सीएसएस घालतं. आकडे उजवीकडे घेण्याचं कामही तिथे तेच करतं. तुमच्या पानावर ते सीएसएस नाही, म्हणून आकडे ब्राउझरच्या सवयीनं डावीकडे पडतात.

मग शीर्षकंच उजवीकडे का? ही जागा जरा बारकाईनं पाहा. पांडाज शीर्षकाच्या ओळीवर, म्हणजे टीआर टॅगवर, टेक्स्ट-अलाइन राइट असं इनलाइन, म्हणजे थेट त्या टॅगमध्येच, लिहितं. लोक ते हटवायला टीएचेड (टेबलचा शीर्षकाचा भाग) टीआरवर नियम लिहितात आणि तो लागत नाही, कारण त्याच टॅगवरची इनलाइन स्टाइल बाहेरच्या नियमाला भारी पडते. मग इम्पॉर्टंट लावत सुटतात. त्याची गरज नाही. इनलाइन स्टाइल टीआरवर आहे, आणि आतल्या टीएचला (शीर्षकाच्या पेशीला) ती फक्त वारशानं मिळते. तुम्ही थेट टीएचवर नियम लिहा. वारशानं आलेल्या किमतीपेक्षा थेट लिहिलेला नियम नेहमी वरचढ असतो, तो कितीही साधा असला तरी.

आता टू_एचटीएमएललाच काय काय सांगायचं ते सांगतो. इंडेक्स फॉल्स दिला की ०, १, २ जातात. बॉर्डर शून्य दिला की रेघा जातात. एनए_रेपमध्ये डॅश किंवा 'आवक नाही' लिहा, नॅन गेलं. क्लासेसमध्ये तुमचा स्वतःचा क्लास द्या, तो डेटाफ्रेमच्या शेजारी जाऊन बसतो. क्लासचं नाव देवनागरीत 'भाव-तक्ता' ठेवलं तरी चालतं, सीएसएसला त्याचं वावडं नाही, फक्त फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह झालेली असावी. यापुढे तुमचं सगळं सीएसएस 'भाव-तक्ता'पासूनच सुरू करा. पांडाजनं ठेवलेल्या नावांवर एकही नियम लटकवू नका. तुमचं नाव तुम्ही बदलाल तेव्हाच बदलेल.

शेरा तुटतो त्याचं कारण वेगळ्याच ठिकाणी आहे. पांडाजमध्ये डिस्प्ले.मॅक्स_कोलविड्थ नावाची सेटिंग असते, मूळ किंमत ५०. ती स्क्रीनवर दाखवण्यासाठी आहे असं नावावरून वाटतं, पण टू_एचटीएमएलही तिचंच ऐकतं. मराठीत हे अजून लवकर होतं, कारण काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. 'सर्वसाधारण' हा शब्द आपल्याला सहा-सात अक्षरांचा वाटतो, पायथनला तो दहाचा दिसतो. ती सेटिंग नन (None, म्हणजे मर्यादा नाही) करा, वाक्य पूर्ण येईल.

लाखांचं. पायथनचा साधा स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवरच पडतो. टू_एचटीएमएलमध्ये फॉर्मॅटर्स म्हणून एक डिक्शनरी देता येते: रकान्याचं नाव आणि त्यासाठीचं फंक्शन. उलाढालीसाठी बॅबेल लायब्ररीतलं फॉर्मॅट_डेसिमल घ्या आणि लोकेल इंग्रजी-भारत द्या, १२,५०,००० येईल. पेशी रिकामी असेल तर काय छापायचं ते फंक्शनमध्येच लिहून ठेवा, म्हणजे कोणत्याही आवृत्तीत घोळ होणार नाही.

मोबाईलसाठी सगळ्यात पहिलं काम सीएसएसचं नाहीच. डेटाफ्रेममध्ये (पांडाजमधल्या तक्त्यात) रकान्यांचा क्रम बदला: गाव, प्रत, सर्वसाधारण दर, मग किमान, कमाल, आवक, उलाढाल, शेरा. बाजार समितीच्या कागदावर सर्वसाधारण दर शेवटी असतो म्हणून पानावरही शेवटीच हवा असं नाही. ज्याला संत्री विकायची आहेत त्याला तोच आकडा आधी दिसला पाहिजे.

त्यानंतर टेबलभोवती एक डिव्ह घाला आणि त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या. पूर्ण पान सरकण्याऐवजी फक्त टेबल आडवं सरकेल. गावाचा रकाना जागेवर राहावा म्हणून पहिल्या पेशीला पोझिशन स्टिकी, लेफ्ट शून्य. तिला पार्श्वभूमीचा रंग द्यायलाच लागतो, नाहीतर मागून सरकणारे आकडे गावाच्या नावातून दिसतात. आणि स्टिकी करताना बॉर्डर-कोलॅप्सला कोलॅप्स ही किंमत ठेवली तर त्या रकान्याच्या रेघा बाकीच्या टेबलबरोबर निघून जातात. म्हणून बॉर्डर-कोलॅप्स सेपरेट आणि बॉर्डर-स्पेसिंग शून्य ठेवा, दिसायला सारखंच, रेघा मात्र जागेवर.

आकड्यांच्या रकान्यांना उजवीकडे घ्यायचं तर साध्या टू_एचटीएमएलमध्ये पेशींना क्लास नसतात, म्हणून एनथ-चाइल्ड (ओळीतली कितवी पेशी ते सांगायची सीएसएसची सोय) वापरा. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत. फॉन्ट-व्हेरिएंट-न्यूमेरिक टॅब्युलर-नम्स लावून पाहा, फॉन्टमध्ये सोय असेल तर आकडे एकाखाली एक सरळ येतात. लाइन-हाइट १.६ च्या खाली नेऊ नका. इंग्रजीच्या हिशेबानं १.२ ठेवली की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात.

स्टायलरबद्दल रात्री लिहितो, आता निघायचं आहे.

---

काटोलची_नोंदवही

भाऊ, खूप खूप धन्यवाद. टीएचवर थेट नियम लिहिला आणि शीर्षकं एका झटक्यात जागेवर आली. कितीतरी दिवस इम्पॉर्टंट लावून पाहून राहिली होती. क्रम बदलला, डिव्ह घातला, गाव जागेवर राहतं. लाखही बरोबर येऊन राहिले.

आता रंगाचं राहिलं. साध्या टू_एचटीएमएलनं भाव वाढला-उतरला हे रंगात दाखवता येत नाही ना? त्यासाठी स्टायलरच लागेल असं दिसतं. त्यात माझा प्रश्न असा की स्टायलरनं दिलेला हिरवा रंग मोबाईलवर उन्हात वाचता येत नाही. तो माझ्या सीएसएसमधून गडद करायला गेले तर काहीच होत नाही. क्लासवर क्लास जोडून पाहिले. आणि गटातल्या एका काकांना लाल-हिरवा फरकच कळत नाही, ते मला सांगतात, "मले तर दोन्ही सारखेच दिसतात."

---

प्रतापनगर_पायथन

काकांची गोष्ट सांगितलीत ते फार बरं केलं. लाल-हिरव्यात फरक न दिसणारे पुरुष आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच असतात. रंग ठेवा, पण अर्थ रंगावर टाकू नका. दराच्या शेजारी वरचा किंवा खालचा त्रिकोण छापा, ▲ आणि ▼. रंग गेला तरी भाव कळला पाहिजे.

तुमचा रंग का बदलत नाही ते आता. स्टायलर २०१५ पासून पांडाजमध्ये आहे आणि त्याची रीत साध्या टू_एचटीएमएलपेक्षा एकदम वेगळी आहे. तो टेबलला एक आयडी देतो, टी आणि अंडरस्कोअर, पुढे पाच यादृच्छिक अक्षरं. दर वेळी नवी, म्हणूनच दुसऱ्या दिवशी तुमची सजावट गेली. मग रंग दिलेल्या प्रत्येक पेशीसाठी तो त्या आयडीला ओळ आणि रकान्याचा आकडा जोडून पेशीचा आयडी बनवतो, आणि वर स्टाइल टॅगमध्ये त्या आयडीवर नियम लिहितो. सीएसएसमध्ये आयडीचं वजन क्लासच्या वरच्या पायरीवर मोजलं जातं. शंभर क्लास एकत्र लिहिले तरी एका आयडीला हरवत नाहीत. तुम्ही क्लासवर क्लास जोडत होतात, ती लढाई जिंकण्यासारखीच नव्हती.

सेट_यूयूआयडी वापरून आयडी कायमचा करता येतो, म्हणजे तो रोज बदलणार नाही. बरेच जण इथेच थांबतात. माझं म्हणणं, रंग पायथनमध्ये लिहूच नका. कोणती पेशी चढली, कोणती उतरली, एवढंच पायथननं ठरवावं. तिचा हिरवा किती गडद असावा हे सीएसएसच्या फाईलनं ठरवावं. त्यासाठी स्टायलरमध्ये सेट_टीडी_क्लासेस आहे. मूळ डेटाफ्रेमच्याच ओळी आणि रकाने असलेली दुसरी डेटाफ्रेम करा, तिच्यात जिथे भाव चढला तिथे 'चढ' लिहा, उतरला तिथे 'उतार', बाकी रिकामं. ती सेट_टीडी_क्लासेसला द्या. पेशीवर तो क्लास येतो, आयडीवरचा नियम एकही बनत नाही. मग 'भाव-तक्ता'खाली 'चढ'ला जो रंग द्याल तो लागेल, आणि उद्या गटाला दुसरा रंग हवा झाला तर पायथनला हात लावायला लागणार नाही.

सेल_आयडीज फॉल्स दिला तर पेशींवरचे बिनकामाचे आयडीही जातात, पान हलकं होतं. खेड्यात नेटवर्क एका काडीवर असतं तेव्हा हेही लागतं.

स्टायलरमध्ये टू_एचटीएमएलची काही नावं वेगळी आहेत, ती लक्षात घ्या. इंडेक्स लपवायला हाइड, त्यात ॲक्सिस इंडेक्स. जुन्या लेखांत हाइड_इंडेक्स आणि रेंडर सापडेल, दोन्ही पांडाज २.० मध्ये काढून टाकले आहेत. आकडे आणि रिकाम्या पेशी दोन्हीसाठी फॉर्मॅट, त्यात फंक्शनही चालतं आणि एनए_रेपही. त्रिकोण छापायचं कामही इथेच होईल. तुमचा 'भाव-तक्ता' क्लास सेट_टेबल_ॲट्रिब्यूट्समधून द्यायचा.

एक सांभाळा. साधं टू_एचटीएमएल पेशीतल्या मजकुरातले टोकदार कंस (< >) आणि अँपरसँड (&) स्वतः सुरक्षित करतं. स्टायलर आपण सांगितल्याशिवाय करत नाही. फॉर्मॅटमध्ये एस्केप एचटीएमएल द्या. शेरा आणि व्यापाऱ्यांची नावं बाहेरून येतात, त्यात कोणी काय टाइप करेल त्याचा नेम नाही.

आणि एक्सक्लूड_स्टाइल्स नावाचा पर्याय दिसेल, त्याला हात लावू नका. नावावरून वाटतं की फक्त स्टाइल टॅग जाईल. प्रत्यक्षात त्याबरोबर सगळे क्लास आणि आयडी जातात, तुम्ही सेट_टीडी_क्लासेसनं दिलेले 'चढ', 'उतार' आणि टेबलवरचा 'भाव-तक्ता'सुद्धा. उघडं टेबल हातात येतं.

---

इतवारी_छपाई

प्रतापनगरवाल्यांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त छपाईचं सांगतो, कारण गटाच्या ऑफिसबाहेर कागद लावत असाल असं धरून चालतो. ब्राउझरमधून प्रिंट काढली की पार्श्वभूमीचे रंग सहसा छापले जात नाहीत. ▲▼ असल्यामुळे तुमचं काम अडणार नाही. तरी शीर्षकाच्या पट्टीचा रंग हवाच असेल तर प्रिंट-कलर-ॲडजस्ट एक्झॅक्ट लावा. मीडिया प्रिंटमध्ये डिव्हचा ओव्हरफ्लो व्हिजिबल करा, नाहीतर कागदावर उजवीकडचे रकाने कापले जातात. तिथे सरकवून पाहता येत नाही. टीआरला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड द्या, म्हणजे एखाद्या गावाची ओळ अर्धी या पानावर, अर्धी पुढच्या पानावर होणार नाही. शीर्षकं टीएचेडमध्ये आहेत, ती पुढच्या पानावर आपोआप येतात.

तारीख टेबलच्या आतच ठेवा, सेट_कॅप्शननं. बाहेरच्या मथळ्यात ठेवली तर लोक फोटो काढताना ती कापतात आणि जुना भाव आठवडाभर फिरत राहतो. आमच्याकडे लग्नपत्रिकेच्या दरपत्रकाचं असंच व्हायचं.

---

काटोलची_नोंदवही

झालं. सेट_टीडी_क्लासेसनं 'चढ' आणि 'उतार' लावले, गडद हिरवा सीएसएसमधून. काकांना पान दाखवलं, ते म्हणाले, "हं, आता समजलं." कॅप्शनमध्ये तारीख टाकली, कागदही ऑफिसबाहेर लावला.

शेवटचं विचारते. गटातल्या तरुण पोरांचं म्हणणं आहे की टेबलऐवजी प्रत्येक गावाचं एक एक कार्ड असावं: वर गाव, खाली मोठ्या अक्षरात दर, बाकी बारीक. हे स्टायलरनं होईल का? त्यात टेम्प्लेट बदलायची सोय आहे असं वाचलं, फ्रॉम_कस्टम_टेम्प्लेट.

---

प्रतापनगर_पायथन

सोय आहे. स्टायलर आतून जिंजा (साच्यातून पान बनवणारी लायब्ररी) वापरतो, आणि फ्रॉम_कस्टम_टेम्प्लेटला फोल्डरचं नाव आणि तुमची टेम्प्लेट फाईल दिली की तो ती वापरणारा नवा स्टायलर देतो. तुमच्या फाईलमध्ये त्याच्या मूळ एचटीएमएल_टेबल टेम्प्लेटवरून एक्स्टेंड करायचं आणि हवा तो ब्लॉक पुन्हा लिहायचा. टेबलच्या वर गटाचं नाव, खाली 'दर प्रति क्विंटल, वाहतूक धरलेली नाही' अशी ओळ, यासाठी ते उत्तम आहे. टू_एचटीएमएलला दिलेली जादा नावं टेम्प्लेटपर्यंत पोचतात, म्हणून ती ओळ पायथनमधून पाठवता येते. रिकामा स्टाइल टॅग नको असेल तर एचटीएमएल_स्टाइलसाठी वेगळी फाईल देऊन तोही काढता येतो.

कार्डांसाठी मात्र मी तो रस्ता घेणार नाही. तिथे टेबलच राहत नाही. टीडीला (साध्या पेशीला) डिस्प्ले ब्लॉक करून कार्ड बनवणारे बरेच नमुने सापडतील, पण त्यात ओळ-रकान्यांचं नातं तुटतं आणि पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कोणता आकडा कशाचा हे कळेनासं होऊ शकतं. स्टायलरचं टेम्प्लेट वाकवायचं तर त्याच्या आतल्या ओळी-पेशींच्या रचनेला धरून लिहावं लागतं, म्हणजे परत त्याच्याच नावांवर आपलं घर.

त्यापेक्षा डेटाफ्रेमवर टू_डिक्ट चालवा, ओरिएंट रेकॉर्ड्स. प्रत्येक गावाची एक डिक्शनरी मिळते. ती यादी थेट तुमच्या स्वतःच्या जिंजा टेम्प्लेटला द्या आणि एका लूपमध्ये कार्ड लिहा. लाखांचं फंक्शन आणि ▲▼चं फंक्शन तुमच्याकडे आहेतच, ते फिल्टर म्हणून जोडा. 'चढ' आणि 'उतार' क्लास तेच, त्यामुळे त्यांचे रंग पुन्हा लिहायला लागणार नाहीत. फक्त जिंजाचं एन्व्हायर्नमेंट बनवताना ऑटोएस्केप ट्रू करा, ते आपोआप चालू नसतं.

टेबल काढू नका. मोबाईलसाठी कार्ड, आणि ऑफिसच्या कागदासाठी इतवारीवाल्यांनी सांगितलेलं टेबल, दोन्ही एकाच डेटाफ्रेममधून निघू द्या. पोरांना कार्ड आवडतील, पण ज्यांना पाच गावांचा दर एका नजरेत एकाखाली एक पाहायचा आहे त्यांना टेबलच लागतं.